रांग कुठे लागते? नेट फास्ट असूनही कॉल का अडखळतो आणि त्यावर काय करायचं

स्पीड टेस्ट लावली की डाउनलोड ५० आणि अपलोड १० एमबीपीएस दिसतं. तरी संध्याकाळी पुण्याच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की तिचा चेहरा गोठतो, आवाज चिरकतो, आणि "ऐकू येतंय का गं?" एवढंच दोन-चारदा विचारून फोन ठेवावा लागतो. केबलवाल्याला बोलावलं तर तो मीटर लावून बघतो आणि म्हणतो, "लाइन एकदम ओके आहे की हो. पाहिजे तर शंभरचा प्लॅन घ्या." बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठेही जा, घरात, दुकानात, उतारे काढून देणाऱ्या ग्राम वन केंद्रात ही तक्रार ऐकायला मिळते. लाइनवाला खोटं बोलत नाही आणि तक्रारही खरी असते. लाइन बहुतेक वेळा ठीकच असते, घोळ असतो लाइनीच्या तोंडाशी लागलेल्या रांगेत.

ती रांग जवळून बघू. इंटरनेटवर जाणारी प्रत्येक गोष्ट पॅकेटांमध्ये तुकडे होऊन जाते. मोठं पॅकेट साधारण १५०० बाइटचं, म्हणजे १२,००० बिटचं. १० एमबीपीएसच्या अपलोडवरून ते बाहेर पडायला १.२ मिलिसेकंद लागतात. तुमच्या मोबाइलने लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला सुरुवात केली की तो जमेल तितक्या जोरात पॅकेटं राउटरकडे ढकलतो. लाइन एका वेळी एकच पॅकेट सोडते, बाकीची बफरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या तात्पुरत्या साठ्यात, थांबतात. हा बफर १ एमबीचा धरला तर त्यात अशी ६६० हून जास्त पॅकेटं मावतात. बफर भरलेला असताना तुमच्या बोलण्याचं एक पॅकेट आलं, तर ते सगळ्यांच्या मागे उभं राहतं आणि त्याचा नंबर लागायला ०.८ सेकंद जातात. आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बोलणं सहज वाटतं, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस सांगते. ४०० च्या पुढे गेलं की दोघंही एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात. इथे तर एका रांगेतच ८०० गेले. अंतराचा दोष म्हणावा तर बेळगावपासून बेंगळुरू सुमारे ५०० किलोमीटर, आणि फायबरमधला प्रकाश तेवढं अंतर अडीच मिलिसेकंदांत कापतो.

आता बोलण्याला किती जागा लागते तेही बघा. ऑफिसातला साधा आयपी फोन, म्हणजे इंटरनेटच्या जाळ्यावर चालणारा फोन, जी.७११ या आवाज पाठवण्याच्या पद्धतीने बोलत असेल तर सेकंदाला ५० छोटी पॅकेटं पाठवतो, प्रत्येक सुमारे २०० बाइटचं. सगळे हेडर, म्हणजे पॅकेटावर चढलेले पत्त्याचे लेबल, धरून एका बाजूला ८७ केबीपीएसच्या आसपास. असे दहा कॉल एकाच वेळी चालू असले तरी १ एमबीपीएस पुरा होत नाही. म्हणजे कॉलला रुंद रस्ता नकोच असतो, त्याला फक्त पुढे सोडायला हवं. पुढे सोडलं तर फार फार तर आधीच निघालेलं एक मोठं पॅकेट संपेपर्यंत, म्हणजे १.२ मिलिसेकंद, थांबावं लागतं. ८०० आणि १.२ मधला हा फरक नीट लक्षात आला की पुढचं सगळं सोपं जातं.

प्लॅन दुप्पट केला तरी त्रास का संपत नाही, तेही यातूनच कळतं. २० एमबीपीएसवर तोच बफर ०.४ सेकंदाची रांग करतो. अर्धी झाली, पण बोलण्याला नडायला तेवढीही पुरते. आणि फोटो चढवणारा मोबाइल जास्त वेग मिळाला म्हणून आवरतं घेत नाही. टीसीपी, म्हणजे फाइली पोचवण्याची जी रीत इंटरनेटवर सर्रास चालते, तिचा स्वभावच असा की पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत राहायचा आणि हरवलं की कमी करायचा. ही शिस्त अनुभवातून आलेली आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कली इथे, एकमेकांपासून जेमतेम ४०० यार्डांवर असलेल्या दोन ठिकाणांमधला वेग ३२ केबीपीएसवरून थेट सेकंदाला ४० बिटांवर कोसळला होता. तिथे काम करणाऱ्या व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली त्यावर उपाय मांडला: पॅकेट हरवलं ही गर्दीची खूण समजा आणि हात आखडता घ्या. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि राउटर बनवणाऱ्यांनी मोठमोठे बफर बसवले. पॅकेट लवकर हरवेनाच, त्यामुळे गर्दीची खूणही उशिरा पोचू लागली. २०१०-११ च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी हा रोग सगळ्यांसमोर आणला. त्याला बफरब्लोट म्हणतात, म्हणजे बफर फुगणं. अपलोडची रांग फुगली की डाउनलोडही मंदावतं, कारण येणाऱ्या मालाची पोच देणारी छोटी पॅकेटं अपलोडच्याच रांगेत अडकतात. पोच गेली नाही की समोरचा सर्व्हर पुढचा माल सोडत नाही.

आधी रांग आपल्या आवारात आणा

प्राधान्य, म्हणजे कुणाला आधी सोडायचं हे ठरवणं, फक्त रांग असते तिथेच चालतं. रांग नसेल तर सगळेच लगेच जातात, प्राधान्याचा प्रश्नच येत नाही. आणि रांग दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर तुमचा नियम तिथे कोण ऐकणार?

गळीत हंगामात चिक्कोडी-हुक्केरीकडच्या एखाद्या साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर बघा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला लांबवर उभ्या असतात. तिथे कुणाचा ऊस वाळत चाललाय, कुणाची बैलगाडी कालपासून उभी आहे, हे कळलं तरी मधल्या गाडीला पुढे काढता येत नाही, रस्ता एकच. तीच गर्दी आत केन यार्डात असेल तर नंबर देणारा माणूस बैलगाड्यांची ओळ वेगळी, ट्रॉल्यांची वेगळी लावतो आणि वजनकाट्यावर कुणाला घ्यायचं ते ठरवतो. गव्हाणीचा वेग दोन्हीकडे तोच. फरक रांग कुणाच्या आवारात आहे याचा.

तुमच्या घरातला राउटर आणि फायबरचा डबा यांच्यामधली केबल बहुतेक वेळा १ जीबीपीएसची असते आणि पुढची लाइन १० एमबीपीएसची. राउटर सगळं झटक्यात डब्याकडे टाकून मोकळा होतो आणि रांग लागते डब्यात किंवा कंपनीच्या पलीकडच्या यंत्रात. राउटरमध्ये "व्हिडिओ कॉलला प्राधान्य" असं बटण दाबलं तरी राउटरमध्ये रांगच नसल्याने ते काही करत नाही. कितीतरी जण हे बटण दाबून बघतात, फरक पडत नाही आणि क्यूओएस (राउटरमधल्या प्राधान्याच्या सोयीचं नाव) म्हणजे फसवणूक आहे असं ठरवून मोकळे होतात. वाईट वाटतं, कारण एक आकडा भरायचा राहिलेला असतो.

तो आकडा म्हणजे वेगाची मर्यादा. राउटरला सांगायचं की लाइन १० ची असली तरी तू ९ नेच सोड. आता डब्यात कधीच रांग लागत नाही. जी काही लागते ती राउटरमध्ये, आणि ती आपल्या हातात. याला शेपिंग म्हणतात. राउटर आत टोकनांचा हिशेब ठेवतो: ठरलेल्या वेगाने टोकन जमा होतात, पॅकेट बाहेर जाताना आपल्या वजनाएवढी टोकन देऊन जातं, टोकन नसेल तर थांबतं. दहातला एक एमबीपीएस सोडून द्यायला लोकांचा जीव होत नाही. पण त्या एकाच्या बदल्यात ८०० मिलिसेकंदांची रांग दहा-वीसवर येते. हा सौदा आम्हाला नेहमीच फायद्याचा वाटतो.

डाउनलोडचं थोडं अवघड. तिकडची रांग कंपनीच्या यंत्रात लागते आणि पॅकेटं आपल्याकडे येतात तेव्हा ती आधीच अरुंद भाग ओलांडून आलेली असतात. तरी आपला राउटर ५० ऐवजी ४३-४५ नेच आत घेऊ लागला आणि जास्तीचं अधूनमधून टाकून देऊ लागला, तर पलीकडचा सर्व्हर टीसीपीच्या शिस्तीने वेग उतरवतो आणि कंपनीकडची रांग ओसरते. पकड अपलोडएवढी घट्ट बसत नाही, म्हणून इकडे मोकळी जागा जरा जास्त ठेवायची.

रांग कशी लावायची

रांग ताब्यात आल्यावर दोन वाटा. पहिली, सगळ्यांना सारखा न्याय. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाची पद्धत मांडली. ती रांग किती लांब आहे हे मोजत नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते मोजते. थांबण्याचा वेळ १०० मिलिसेकंदांच्या पूर्ण अवधीत ५ मिलिसेकंदांच्या खाली एकदाही आला नाही, तर ती एखादं पॅकेट टाकून पाठवणाऱ्याला इशारा देते. त्याला जोड मिळाली वेगळ्या रांगांची: एफक्यू-कोडेल प्रत्येक संभाषणाला वेगळ्या रांगेत टाकतं, मूळ मांडणीत अशा १०२४ रांगा असतात. ज्या रांगेत थोडंच आणि अधूनमधून येतं तिला आधी सोडतं. तुमचा कॉल, यूपीआयचा व्यवहार, वेबसाइटचं नाव शोधणारी डीएनएसची चौकशी, सगळे असेच थोडके. त्यामुळे कुणीही "हा कॉल आहे" असं न सांगता ते आपोआप पुढे सरकतात आणि फोटोंचा ढीग मागून आपल्या गतीने जातो. २०१८ मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या ४.१९ आवृत्तीत आलेलं केक हे याचंच पुढचं रूप, त्यात शेपिंगही आतच आहे. घरासाठी आणि पाच-सात संगणकांच्या केंद्रासाठी इथूनच सुरुवात करावी, असं आमचं ठाम मत आहे. निम्म्याहून जास्त ठिकाणी पुढचं काही करावंच लागत नाही.

दुसरी वाट म्हणजे खरं प्राधान्य: पॅकेटावर शिक्का मारायचा आणि शिक्क्याप्रमाणे रांग ठरवायची. प्रत्येक आयपी पॅकेटाच्या हेडरमध्ये यासाठी ६ बिटांची जागा आहे, तिला डीएससीपी म्हणतात. ० ते ६३ असे ६४ शिक्के होतात. ० म्हणजे साधं, ४६ म्हणजे आवाज, ३४ बहुधा व्हिडिओ कॉन्फरन्स, ८ म्हणजे सगळ्यात मागे राहिलं तरी चालेल असं. आयपी फोन बहुतेक वेळा ४६ चा शिक्का स्वतःच मारतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात चाळीस आयपी फोन, सीसीटीव्ही आणि हिशेबाचा सर्व्हर एकाच जाळ्यावर असेल तर हे शिक्के फार कामाचे. पण साध्या ब्रॉडबँडवर तुमच्या फाटकाबाहेर त्यांना कुणी विचारेल या भरवशावर राहू नका. बहुतेक कंपन्या ते पुसतात किंवा दुर्लक्ष करतात. लीज लाइनच्या, म्हणजे फक्त तुमच्यासाठी राखलेल्या लाइनच्या, करारात लिहून घेतलं असेल तरच ते पुढे मानले जातात.

प्राधान्य देताना जी चूक वारंवार होते ती म्हणजे सगळ्यांनाच वरचा वर्ग देणं. मॅनेजरचा लॅपटॉप वर, टीव्ही वर, सीसीटीव्ही वर, मग वर राहिलंच काय? आणि कडक प्राधान्याच्या रांगेचा एक धोका आहे: वरची रांग रिकामी होईपर्यंत खालची हलत नाही. वरच्या रांगेत चुकून मोठी फाइल गेली तर बाकी सगळं ठप्प. म्हणून वरच्या वर्गाला लाइनच्या साधारण एक तृतीयांशाची कमाल मर्यादा घालतात. १० एमबीपीएसमध्ये ३ म्हणजे तीसहून जास्त कॉल, भरपूर झाले.

कुणाला ओळखायचं कशावरून, हाही प्रश्न आहे. पूर्वी पोर्ट नंबर, म्हणजे पॅकेट कोणत्या कामाचं ते सांगणारा क्रमांक, बघून चालायचं. आता जवळपास सगळंच ४४३ वरून, कुलूपबंद होऊन जातं, त्यामुळे "४४३ ला प्राधान्य" म्हणजे यूट्यूबपासून बँकेपर्यंत सगळ्यांनाच. त्यापेक्षा उपकरणावर नियम लावावा: आयपी फोनला राउटरच्या डीएचसीपीमध्ये (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या भागात) कायमचा पत्ता राखून द्यायचा आणि त्या पत्त्याला वर ठेवायचं. मोबाइलच्या बाबतीत एक खाच आहे. आजचे मोबाइल वायफायला जोडताना खरा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) लपवून त्या नेटवर्कपुरता वेगळाच पत्ता सांगतात. सेटिंगमधल्या माहितीच्या पानावरचा पत्ता नियमात टाकला तर नियम लागत नाही, राउटरच्या यादीत दिसतो तोच टाकावा.

प्रत्यक्ष करायचं कसं

सुरुवात मोजण्यापासून. लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, वायफायवर मोजू नका. सकाळी, दुपारी आणि रात्री नऊच्या सुमारास स्पीड टेस्ट घ्या आणि त्यातला सगळ्यात कमी, पण नेहमी मिळणारा आकडा धरा. मग विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ८.८.८.८ या पत्त्यावर सतत चालणारं पिंग (पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावा आणि ती खिडकी उघडी ठेवा. लाइन मोकळी असताना वेळ १५-३० मिलिसेकंद दिसेल. आता दुसऱ्या संगणकावरून एक-दोन जीबीची फाइल ड्राइव्हवर चढवायला लावा आणि पिंगकडे बघा. आकडा १८ वरून ३००, ६००, ९०० असा चढत गेला तर रोग तोच. लाइन मोकळी असतानाच आकडे उड्या मारत असतील किंवा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" येत असेल, तर ते काम लाइनवाल्याचं, राउटरमध्ये कितीही खटपट केली तरी सुधारणार नाही.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मोफत, खुली प्रणाली) असेल तर लुसी-ॲप-एसक्यूएम (luci-app-sqm) हे पॅकेज घाला आणि नेटवर्क मेनूतल्या एसक्यूएम क्यूओएसमध्ये जा. इंटरफेस वॅनचा, म्हणजे बाहेरच्या लाइनकडचा, निवडा, लाइन पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडली जाणारी) असेल तर पीपीपीओई-वॅन. आकडे केबीपीएसमध्ये भरायचे: १० एमबीपीएसच्या अपलोडला ९०००, ५० च्या डाउनलोडला ४३,०००. इथे ९ लिहिणारे बरेच असतात, मग लाइन ९ केबीपीएसवर येऊन सगळंच बंद पडतं. ० लिहिलं तर त्या बाजूला मर्यादाच लागत नाही. रांगेचा प्रकार केक, स्क्रिप्ट पीस ऑफ केक. डीएससीपीचे शिक्के मानायचे असतील तर लेयर केक. लिंक लेअरमध्ये इथरनेट आणि ओव्हरहेड ४४ ठेवा, फायबरला तो सुरक्षित आकडा आहे. फायरवॉलमधलं फ्लो ऑफलोडिंग बंद करा, कारण ते पॅकेटं वेगाने नेण्यासाठी रांगेला वळसा घालतं.

मायक्रोटिक कंपनीचा राउटर असेल तर त्याच्या राउटरओएस प्रणालीच्या ७ व्या आवृत्तीपासून केक आणि एफक्यू-कोडेल दोन्ही आहेत. क्यू टाइप बनवा, सिंपल क्यूमध्ये टार्गेट म्हणून घरातलं जाळं द्या आणि मॅक्स लिमिट भरताना आधी अपलोड, मग डाउनलोड. सगळं बरोबर भरूनही क्यूवर आकडे हलत नसतील तर फायरवॉलच्या फिल्टरमध्ये फास्टट्रॅकचा, म्हणजे पॅकेटं आडवाटेने झटपट नेणारा, नियम बघा. मूळ मांडणीत तो चालू येतो आणि त्यातून जाणारं ट्रॅफिक सिंपल क्यूला शिवतच नाही. तो नियम बंद केला की क्यू कामाला लागते.

मग पुन्हा तीच चाचणी. फाइल चढताना पिंग मोकळ्या वेळेपेक्षा १०-२० मिलिसेकंदच वर जात असेल तर जमलं. अजून फुगत असेल तर आकडा ५ टक्क्यांनी उतरवा आणि परत बघा. वेग ठरवलेल्या आकड्यापेक्षाही खूप कमी मिळू लागला तर राउटरचा प्रोसेसर पाहा. शेपिंगमध्ये प्रत्येक पॅकेट त्याच्या हातून जातं, जुना स्वस्त राउटर ५० ला चालतो पण ३०० ला धापा टाकतो.

रांग हवेत असेल तर

केबलवर पिंग सुरेख आणि वायफायवर वाईट, असं असेल तर रांग हवेत आहे. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलतं. घाटाकडच्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींपलीकडे, माजघरात ठेवलेला जुना लॅपटॉप ६ एमबीपीएसने बोलत असेल तर १५०० बाइटला २ मिलिसेकंद हवा अडवतो. राउटरजवळचा मोबाइल ३०० ने बोलत असेल तर तेवढ्याच कामाला ०.०४. एक मंद उपकरण बाकी सगळ्यांची वेळ खातं. टीव्ही आणि टेबलावरचा संगणक केबलवर घ्या, कॉल ५ गिगाहर्ट्झवर करा, लांबच्या खोलीत केबल ओढून दुसरा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) बसवा.

वायफायमध्येही डब्ल्यूएमएम नावाचे चार वर्ग आहेत: आवाज, व्हिडिओ, साधं, मागचं. पण एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी. बरीच उपकरणं डीएससीपीचे वरचे तीन बिट बघून वर्ग ठरवतात. ४६ म्हणजे १०१११०, वरचे तीन १०१ म्हणजे ५, आणि ५ हा व्हिडिओचा वर्ग, आवाजाचा ६ पासून सुरू होतो. आवाजाचा शिक्का मारलेलं पॅकेट अशा ठिकाणी व्हिडिओच्या रांगेत जातं. ऑफिसचे ॲक्सेस पॉइंट लावताना ४६ ला ६ वर नेणारी जोडणी आहे का ते तपासून घ्या.

जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या वाडीवर फायबर नसेल आणि घर मोबाइलच्या सिमवर चालत असेल तर ठराविक आकडा फारसा उपयोगी पडत नाही, कारण लाइनचा वेगच मिनिटामिनिटाला बदलतो. तिथे खादाड कामं आवरणं हाच खरा उपाय. फोटोंचा बॅकअप रात्रीवर टाका. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधल्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमध्ये इतर संगणकांना माल पुरवणं बंद करा आणि वेगाला मर्यादा घाला. चार कॅमेरे प्रत्येकी १ एमबीपीएसने क्लाउडवर जात असतील तर अपलोडचे ४ एमबीपीएस दिवसरात्र गेले. तेच घरातल्या एनव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) साठवले तर लाइनवर काहीच भार नाही. हे फायबरवाल्यांनीही केलं तर बरंच.

आपल्या घरात कुणाला पुढे सोडायचं हा आपला अधिकार, पण कंपनीने पैसे घेऊन एका वेबसाइटला पुढे आणि दुसरीला मागे ठेवायचं नाही, हे भारतात ठरलेलं आहे. दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावायला बंदी केली आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली.

एकदा बसवल्यावर सहा महिन्यांनी विसरायला होतं. लाइनवाला प्लॅन ५० वरून १०० करून जातो, राउटरमध्ये ४३,००० तसेच राहतात आणि "शंभरचे पैसे भरून पन्नासही मिळत नाही" म्हणून भांडण लागतं. तेव्हा प्लॅन बदलला त्याच दिवशी केबल लावून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे नवे भरा. राउटरच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीवर आकडा आणि तारीख लिहून ठेवली तर पुढच्या माणसालाही शोधत बसावं लागत नाही.